कोयनेची जमीन का हलते? धरणाचं पाणी, जुना खडक आणि तीन किलोमीटरचं बोअर

पाटण तालुक्यात वाढलेल्या माणसाला भूकंपाची भीती असते, पण त्याचं नवल नसतं. रात्री मांडणीवरची भांडी वाजली, पत्रा थरथरला, की अंधारातच घरातलं कुणीतरी म्हणतं, "बसला बघ." सकाळी चौकात एकच चौकशी, किती रिश्टरचा होता. माझ्या आजीच्या बोलण्यात सालं नव्हतीच. लग्न भूकंपाच्या आधीचं, घर भूकंपानंतरचं. सरकारी नोकरभरतीच्या जाहिरातीत आजही 'भूकंपग्रस्त' असा रकाना दिसतो. आमच्याकडच्या कितीतरी घरांत तो दाखला कागदपत्रांच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो.

आजीच्या हिशेबातला तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. तीव्रता ६.३. माणसं गाढ झोपेत होती, घरं दगडमातीची होती. पावणेदोनशेहून अधिक जीव गेले, दोन हजारांच्या वर जखमी झाले, कोयनानगर जवळजवळ उद्ध्वस्त झालं. दोनीचावाडीच्या बाजूला जमिनीला लांबलचक भेगा पडल्या. आणि तेव्हापासून एक प्रश्न या खोऱ्यात फिरतो आहे: धरणामुळे झाला का?

या प्रश्नाला दोन उत्तरं ऐकत मी मोठा झालो. एक, "एवढं पाणी साठवलं, त्याच्या ओझ्यानं जमीन फाटली." दुसरं, "धरणाचा काही संबंध नाही, भूकंप निसर्गाचा असतो." दोन्ही अर्धवट आहेत. खरं उत्तर जरा लांबचं आहे, पण समजून घेण्यासारखं आहे, आणि ते शोधण्यासाठी आपल्याच तालुक्यात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं आहे.

आधी ओझ्याचा हिशेब करू, कारण तो साधा आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर. शंभर मीटर पाण्याचा तळावर दाब येतो चौरस सेंटिमीटरला दहा किलो. आता जमिनीखाली पाच किलोमीटरवर जा, कारण कोयनेचे भूकंप साधारण तेवढ्या खोलीवर होतात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतच. तिथे वरच्या खडकाचाच दाब चौरस सेंटिमीटरला तेराशे किलोंच्या पुढे असतो. तेराशेत दहाची भर म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. शिवाय ओझं खडकाला खाली दाबतं, आणि १९६७ ला खडक खाली दबला नव्हता. खोल भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकल्या होत्या. म्हणजे नुसत्या ओझ्यानं हे काम झालेलं नाही.

मग जोर कुठून आला? तो आधीपासूनच तिथे होता. भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीनं उत्तरेकडे सरकतं आहे आणि समोर आशिया आडवा आला आहे. हिमालय उभा राहिला तो त्यातूनच. पण ताण फक्त हिमालयातच असतो असं नाही. एखादी फळी टोकाला अडवून मागून रेटली, तर मधल्या भागालाही तो रेटा सोसावा लागतो. दख्खनच्या पठाराखालचा खडकही लाखो वर्षं तो सोसतो आहे. बहुतेक ठिकाणी खडक अखंड आणि भक्कम असल्यानं काही होत नाही. जिथे जुन्या भेगा आहेत तिथे दोन्ही बाजू सरकू बघतात, पण एकमेकींवर इतक्या घट्ट दाबलेल्या असतात की घर्षणामुळे अडकून राहतात. अशा भेगेला भूगर्भशास्त्रात प्रस्तरभंग म्हणतात, आपण भेगच म्हणू.

इथे स्वयंपाकघरातली एक गोष्ट आठवा. स्टीलचा पेला गरम पाण्यानं विसळून ओल्या ओट्यावर पालथा घातला, तर कधी कधी तो आपला आपण सरकू लागतो. लहानपणी मला ती भुताटकी वाटायची. होतं असं की पेल्याखाली अडकलेली हवा तापून फुगते, बाहेर पडायला बघते आणि पेल्याला किंचित वर उचलते. काठ ओट्यावर टेकलेला असतो, पण आता त्याचा भार कमी झालेला असतो. भार कमी म्हणून घर्षण कमी. आणि ओट्याला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला थोडासा उतार असतोच. पेला त्या उतारानं निघतो.

कोयनेच्या खडकात नेमकं हेच घडतं. उतार म्हणजे भूपट्टाच्या रेट्यानं साठलेला ताण. काठ आणि ओटा म्हणजे भेगेच्या दोन बाजू. आणि पेल्यातल्या हवेचं काम करतं भेगेतलं पाणी. जमिनीखालच्या बारीक चिरांमध्ये पाणी असतंच. वर जलाशय भरला की त्या पाण्याचा दाब वाढतो, आणि तो दाब भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून दूर ढकलतो. अगदी थोडंच. पण भेग आधीच सरकण्याच्या बेतात असेल तर तेवढं पुरतं. पाणी वंगणासारखं काम करतं असं पुष्कळदा लिहिलेलं दिसतं. खडक बुळबुळीत होतो हा त्यातला मुद्दा नाहीच, मुद्दा दाबाचा आहे.

लक्षात घ्या, ओट्याला उतार नसता तर पेला कितीही उचलला गेला तरी कुठेच गेला नसता. म्हणूनच भारतात हजारो धरणं आहेत, पण भूकंप मोजक्याच धरणांपाशी होतात. शास्त्रज्ञ 'धरणानं भूकंप निर्माण केला' असं म्हणत नाहीत, 'धरणानं त्याचा चाप ओढला' असं म्हणतात. ऊर्जा पृथ्वीची, निमित्त पाण्याचं. पण निमित्त आहे, हे मात्र नाकारता येत नाही. माझ्या मते 'संबंध नाही' हे उत्तर देणाऱ्यांनी कोयनेच्या लोकांवर अन्याय केला. ज्याचं घर पडलं त्याला ऊर्जेचा उगम सांगून काय उपयोग? पाणी साठवलं नसतं तर ती भेग त्या पहाटे सरकली असती का, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

हे निमित्त ओळखलं कसं? वेळापत्रकावरून. कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला १९६१-६२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि थोड्याच काळात परिसरात हादरे जाणवू लागले. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचच्या वरचा धक्का बसला, डिसेंबरात मोठा. पुढची कित्येक वर्षं नोंदी ठेवल्यावर एक ठेका दिसू लागला. जूनमध्ये पाऊस लागतो, या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, आणि धरण झपाट्यानं चढतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धक्क्यांची संख्या वाढते. मग जरा शांतता. आणि पुन्हा डिसेंबर ते फेब्रुवारी, पाणी उतरत असताना, दुसरी वाढ.

हा दुसरा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. पाऊस कधीच थांबलेला, धरण उतरणीला लागलेलं, आणि जमीन आता हलते! याचं कारण दाबाच्या प्रवासात आहे. शेतात पाइपलाइन आधीच भरलेली असेल तर मोटर चालू केल्याबरोबर शेवटच्या टोकाला पाणी येतं. विहिरीतलं नवं पाणी तिथे पोचलेलं नसतं, पोचलेला असतो दाब. खडकातही दाबच प्रवास करतो, फक्त पाइप केसाएवढ्या चिरांचे असल्यानं पाच-सहा किलोमीटर उतरायला त्याला आठवडे किंवा महिने लागतात. पावसाळ्यात वर भरलेल्या पाण्याचा परिणाम भेगेपर्यंत हिवाळ्यात पोचतो. १९६७ चा मोठा भूकंप डिसेंबरात झाला याचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

या वेळापत्रकाचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं केला. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या: पाणी किती वेगानं चढलं, किती उंचीपर्यंत चढलं, आणि त्या उंचीवर किती दिवस राहिलं. पाचच्या वरचे मोठे धक्के ज्या वर्षी बसले, त्या वर्षी पाणी आठवड्याला सुमारे बारा मीटर किंवा त्याहून वेगानं चढलेलं होतं असं त्यांना आढळलं. पण उलट खरं नाही: पाणी तसं चढलं म्हणजे मोठा धक्का बसतोच असं नाही. आणि आधीच्या वर्षांतली कमाल पातळी ओलांडली गेली तर धोका जास्त. जणू खडक मागे सोसलेला दाब लक्षात ठेवतो आणि त्यापुढे गेलं की कुरकुरतो.

धरणाच्या नावावर भूकंप जमा झाल्याची जगात आणखी उदाहरणं आहेत. चीनमधलं शिनफेंगजियांग १९६२, आफ्रिकेतलं करिबा १९६३, ग्रीसमधलं क्रेमास्ता १९६६. कोयना धरून चारही सहाच्या वरचे, आणि कोयना त्यांतला सर्वांत ठळक. पण इतरत्र बहुधा काही वर्षांनी हालचाल विझत गेली. कोयनेत ती थांबलीच नाही. १९६७ पासून पाचच्या वरचे बावीसेक, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, आणि लहान हजारोंनी. हे सगळं जेमतेम वीस गुणिले तीस किलोमीटरच्या टापूत. साधारण मुंबई शहर-उपनगरांएवढा तुकडा, आणि आसपास भूकंपाचं दुसरं मोठं केंद्र नाही. १९८५ पासून दक्षिणेला वारणेचं, म्हणजे चांदोलीचं, धरण भरायला लागलं आणि काही वर्षांत धक्के तिकडेही पसरले. १९९३-९४ च्या हिवाळ्यात वारणेच्या बाजूला पाचच्या आसपासचे धक्के बसले. पुन्हा हिवाळाच.

(किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप या मालिकेतला नव्हे. लोक दोन्ही एकत्र बोलतात, पण तो प्रदेश वेगळा आणि ती भेगही वेगळी.)

एकाच लहानशा जागी, कमी खोलीवर, वर्षानुवर्षं, जवळजवळ वेळापत्रकानं होणारे भूकंप जगात फार कमी ठिकाणी सापडतात. म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवलं की वरून अंदाज बांधण्याऐवजी भेगेच्या जवळ उतरायचं. २०११ मध्ये जगभरचे तज्ज्ञ या कामाच्या आखणीसाठी हैदराबाद आणि कोयनेत एकत्र आले. पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कराडजवळ हजारमाचीला बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी उभी केली. आधी परिसरात नऊ ठिकाणी सुमारे दीड-दीड किलोमीटरची बोअर घेतली. मग पाटण तालुक्यातल्या गोठण्याला डिसेंबर २०१६ मध्ये मोठं काम सुरू झालं आणि जून २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोली गाठली गेली. आपल्याकडे शेतात तीन-चारशे फुटांवर पाणी लागलं नाही तर माणूस डोक्याला हात लावतो. हे बोअर दहा हजार फुटांच्या जवळ गेलं.

काय सापडलं? सगळ्यात वर अर्थातच आपला काळा कातळ, सह्याद्रीचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खन तयार झाली. हा कातळ किती जाड आहे हे कोयनेत आजवर अंदाजानंच सांगत होते. रासाटीच्या बोअरमध्ये तो सुमारे ९३० मीटरवर संपला, गोठण्याला १,२४७ मीटरवर. आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मधे वाळू, गाळ, चुनखडी असं काहीही नाही. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा अडीचशे कोटी वर्षांच्या उघड्या खडकावर येऊन पडला. कराडच्या प्रयोगशाळेत नळकांड्यांसारखे कापून आणलेले दगड ओळीनं मांडून ठेवले आहेत, त्यांत त्या दोन काळांची सीमा बोटानं दाखवता येते. मधला सगळा काळ त्या एका रेघेत गेला.

मधे गाळाचा थर नाही याला भूकंपाच्या दृष्टीनं महत्त्व आहे. वाळूचा थर असता तर तो स्पंजासारखा पाणी धरून राहिला असता, दाब पसरून विरला असता. नुसता ग्रॅनाइट पाणी धरत नाही. पाण्याला आणि दाबाला जायला वाट फक्त चिरांचीच. म्हणून वर जे घडतं ते खाली ठरावीक रेषांवरच जाऊन पोचतं.

तापमानही मोजलं. तीन किलोमीटरवर ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास. सहा किलोमीटरवर ते १३० ते १५० अंश असेल असा हिशेब आहे. खोल बोअर घ्यायचं तर यंत्रं किती उष्णतेत टिकली पाहिजेत हे त्यावरून ठरतं. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना तर या खोलवरच्या दगडांत सूक्ष्मजीवांच्या खुणा सापडल्या. सूर्यप्रकाश नाही, खायला म्हणावं असं काही नाही, आणि तिथेही जीव आहे! भूकंपाशी याचा थेट संबंध नाही, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

भूकंपाच्या प्रश्नाला थेट भिडणारी निरीक्षणं दोन. पहिलं, खडकातला ताण बोअरमध्ये उतरून मोजला गेला. त्यासाठी बोअरचा एक लहान तुकडा वरखाली बंद करून आत पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि खडक कोणत्या दाबाला चिरतो ते पाहतात. निष्कर्ष असा की कोयनेखालचा खडक सरकण्याच्या अगदी काठावर आहे. ताणात लहानसा फरक झाला तरी लहान भूकंप होऊ शकतात. पेला उतारावर आहे हे इथे मोजून कळलं. दुसरं निरीक्षण, तीन किलोमीटरपर्यंत पाणी सापडलं, आणि त्याची घडण पावसाच्या पाण्याची निघाली. सह्याद्रीत पडलेला पाऊस चिरांतून झिरपत तीन हजार मीटर खाली गेलेला आहे. वरून खाली वाट आहे का, या वादाला यापेक्षा ठोस उत्तर कोणतं असणार?

आता गावाकडे हमखास ऐकू येणाऱ्या एका समजुतीबद्दल. "लहान लहान बसतायत ते बरंय, त्यानं मोठा टळतो." हे म्हणताना माणूस स्वतःला धीर देत असतो, ते मला कळतं. पण हिशेब तसा बसत नाही. तीव्रतेचा आकडा एकानं वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, दोननं वाढला की हजार पटींनी. म्हणजे ६.३ च्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडायला ४.३ चे हजार धक्के लागतील. चारच्या वरचे इतक्या वर्षांत दोनशेच्या आसपास झाले आहेत. लहान धक्के ताण जरा हलका करतात, पण त्यांच्या भरवशावर दगडमातीचं घर तसंच ठेवू नये. भिंतींना आडवे पट्टे, कोपरे बांधून घेतलेले, छप्पर हलकं, एवढं केलं तरी फरक पडतो.

"धरण रिकामं केलं तर?" हेही विचारलं जातं. कोयनेवर १,९०० मेगावॉटहून अधिक वीज अवलंबून आहे, तो व्यवहाराचा भाग झाला. शास्त्राचा भाग असा की पाणी झपाट्यानं उतरवणं हाही खडकाला बसणारा बदलच. म्हणून पाण्याची भर कशी घालायची आणि उपसा कसा करायचा, या वेगाचा विचार अधिक उपयोगाचा.

आणि धरण स्वतः? त्याची आखणी करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के धरला होता, कारण हे पठार स्थिर मानलं जात होतं. १९६७ ला धरणातल्याच यंत्रानं जी नोंद केली ती भिंतीला आडव्या दिशेत ४९ टक्के आणि धरणाच्या लांबीच्या दिशेत ६३ टक्के होती. भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. पुढे मागून जाड आधार देऊन ती मजबूत केली, आणि भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग जास्त धोक्याच्या चौथ्या विभागात गेला. त्या पहाटेची ती नोंद आजही जगभरचे अभियंते धरणांच्या तपासणीसाठी वापरतात. आमच्या खोऱ्यानं फार महाग किंमत देऊन दिलेला तो धडा आहे, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं असं मला नेहमी वाटतं.

भूकंप आधी सांगता येईल का? दिवस आणि वेळ सांगणारी पद्धत जगात कुठेच नाही, आणि कुणी मोबाइलवर तसा संदेश पाठवला तर तो पुढे पाठवू नका. कोयनेत प्रयत्न मात्र सुरू आहेत. काही बोअरमध्ये खोलवर भूकंपमापक बसवले आहेत. जमिनीवर एसटी गेली, वारा सुटला, ओढा भरून वाहिला तरी यंत्र थरथरतं. हजारभर मीटर खाली ही गडबड नसते, त्यामुळे माणसाला कधीच न जाणवणारे धक्केही तिथे नोंदले जातात, आणि त्यांची जागा अचूक ठरते. मोठ्या धक्क्याच्या आधी बारीक धक्के एका जागी गोळा होतात का, हे त्यातून तपासलं जातं.

गोठण्याचं तीन किलोमीटरचं बोअर ही पायलट चाचणी होती. खरे भूकंप होतात ते त्याच्याही खाली. पुढचा बेत सहा-सात किलोमीटरपर्यंत जाऊन थेट त्या पट्ट्यात यंत्रं ठेवण्याचा आहे. म्हणजे एखादा धक्का बसण्याच्या आधीच्या दिवसांत चिरांमधल्या पाण्याचा दाब खरोखर वाढतो का, किती वाढतो, आणि सरकण्याच्या क्षणी त्याचं काय होतं, हे तिथेच मोजता येईल.